चादरीच्या कोपऱ्यावरचं गाव

कस्तुरी अक्षरं जुळवायला शिकली
ती हॉटेलच्या चादरींवर.
धोबीखान्यात मी घड्या घालायची,
ती कोपऱ्यातल्या कापडी चिठ्ठीवर बोट ठेवून
सो... ला... पू... र.
"आई, हे कुणाचं नाव?"
"गावाचं."
"तिथे थंडी किती असेल गं,
एवढ्या चादरी लागतात तर!"

महाबळेश्वरला लोक सुट्टीला येतात.
आम्ही त्यांच्या सुट्टीला असतो.
आमची म्हणाल तर होळीनंतरचे चार दिवस,
मोसमातली पहिली गाडी घाट चढायच्या आत.
ह्यांनी मॅनेजरपुढे उभं राहून मान खाजवली,
तवा दुसऱ्याच्या हाती दिला.
शेजारीण म्हणाली, "मार्चात सोलापूर?
पोरं वाळत घालायचीत का?"

साताऱ्याला गाडी बदलली
आणि दुर्वेश सोलत गेला.
आधी कानटोपी, मग स्वेटर, मग आतला स्वेटर,
सोलापूरच्या स्टँडवर उतरला तो बनियनवर.
डांबरावर एक पाय उचलून म्हणाला,
"आई, खाली कुणीतरी चूल पेटवलीय."

लॉजवाले अंबादास यन्नम.
खिडकीला ओला टॉवेल बांधून दिला,
माठ दाखवला,
दुपारी बाहेर पडू नका म्हणाले.
घरी कुणाशी तरी तेलुगूत फोनवर बोलले
आणि संध्याकाळी शेंगाचटणी आली, कडक भाकरी आली.
ह्यांनी भाकरी उजेडात धरली,
कानाशी नेऊन मोडली.
अठरा वर्षं लोकांना वाढणारा माणूस
बसून जेवला,
आणि ताट उचलायला उठला
तेव्हा कस्तुरीने त्यांना हात धरून खाली बसवलं.

दुसऱ्या सकाळी गच्चीवर
दोन फ्रॉक, एक बनियन पिळून टाकलं.
बादली उपडी करून वळले,
तर वाळलेलं.
हसू नका.
आमच्याकडे पावसाळ्यात मोजे शेगडीवर भाजतात,
आठ-आठ दिवस ओल धाग्यातून हलत नाही,
माझ्या बोटांना तिचाच वास.
मी तेच कपडे पुन्हा भिजवले,
पुन्हा टाकले, नुसतं बघायला.
"सुट्टी आहे ना तुझी?" ह्यांनी विचारलं.
म्हटलं, "हीच."

सिद्धेश्वराचं तळं पाहिलं. पायऱ्या तापलेल्या,
पोरं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत गेली.
किल्ल्याच्या बागेत दुर्वेशची चप्पल हरवली, मग सापडली.
उसाचा रस चार वेळा.
एकदा दोघंही रडली, कशासाठी ते आठवत नाही,
उकाड्यासाठीच असेल.

तिसऱ्या दिवशी यन्नमांनी भावाच्या मागावर नेलं.
खटखट, खटखट, बोललेलं ऐकू येईना.
लाल-पांढरी चादर इंच इंच पुढे सरकत होती,
कोरी, कुणीही न पांघरलेली,
चहाचा डाग नाही, मेंदीचा नाही,
लहान मुलाच्या ओल्या रात्रीचा नाही.
मी हात लावू का विचारलं.
माग चालवणाऱ्या बाईने माझे हात पाहिले
आणि काही न बोलता
तयार चादरीचं टोक माझ्याकडे सरकवलं.
खडबडीत होती.
धुऊन धुऊन मऊ होतात त्या,
हे मला माहीत. तिला कदाचित नसेल.

रात्री गच्चीवर झोपलो,
चादर अंगाखाली, वर काहीच नाही.
"आई, पांघरूण नाही तर आकाश अंगावर पडेल का?"
"पडू दे."
कस्तुरी हसली,
दुर्वेश झोपेत नुकतंच शिकलेलं बोलला,
"काय करलालास बे..."

निघताना यन्नम रिक्षापर्यंत आले.
"पुन्हा या," म्हणाले.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
हे वाक्य तर आमचं.
दर मोसमात, दर गाडीच्या काचेशी वाकून.
त्याला उत्तर काय द्यायचं असतं,
दोघांनाही सुचेना.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी
एक कुटुंब उतरलं, घामाने निथळत.
"बाप रे, खाली काय ऊन आहे!"
दुर्वेश पायरीवर बसला होता,
स्वेटर हनुवटीपर्यंत ओढून.
"ते काहीच नाही," म्हणाला,
"मी सोलापूरला जाऊन आलोय."